ॲसिडिटीच्या गोळीमुळे ल्युकेमियाच्या रुग्णाला लस जास्त लागू पडते का?

प्रश्न असा आहे: वडिलांना सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया आहे. उपचार अजून सुरू नाहीत, ठरावीक दिवसांनी रक्त तपासून फक्त लक्ष ठेवलं जातं. लस घेतल्यावर प्रतिपिंडांची (अँटीबॉडीची) तपासणी केली, तर आकडा अगदीच कमी आला. लसीच्या आधी आणि नंतर काही आठवडे ॲसिडिटीची साधी गोळी घेतली तर अशा रुग्णांत प्रतिपिंडं चांगली तयार होतात, असं वाचनात आलं. वडील पॅन्टोप्राझोल घेतातच. मग तेवढं पुरे, की फॅमोटिडिन द्यावं? आणि देऊन पाहायला तोटा काय?

आधी थेट उत्तर देतो. पॅन्टोप्राझोलचा या गोष्टीशी संबंध नाही. फॅमोटिडिन ज्या गटातलं आहे त्या गटाबद्दल खरोखर एक अभ्यास झालेला आहे आणि त्याचा निकाल दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण तो छोटा आहे, जुना आहे आणि फायदा दिसला तो एकाच लसीत. एवढ्या आधारावर मी कुणाला लसीसाठी म्हणून ही गोळी लिहून देत नाही. तोट्याचं म्हणाल, तर तुमच्या वडिलांना आज फारसा नाही. पण ल्युकेमियाची काही औषधं अशी आहेत की त्यांच्यासोबत ही साधी गोळी घेतली तर कर्करोगाचं औषधच निम्मं वाया जातं. म्हणून "घेऊन बघू, काय बिघडतंय" हे सरसकट म्हणता येत नाही.

आता सविस्तर, कारण या कल्पनेमागचं शास्त्र समजलं तर पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच सोपे जातील.

ॲसिडिटीच्या सगळ्या गोळ्या आपण एकाच माळेचे मणी समजतो. तसं नाही. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही औषधं जठरातल्या पेशींमधला आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद करतात. फॅमोटिडिन, रॅनिटिडिन, सिमेटिडिन यांचं काम त्याच्या एक पायरी आधी चालतं. शरीरात तयार होणारं हिस्टामिन जठराच्या पेशीवरच्या एच-२ रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि आम्ल सोडायला सांगतं. ही औषधं त्या जागा अडवून ठेवतात, त्यामुळे हिस्टामिनचा निरोप पेशीपर्यंत पोचत नाही. हा एच-२ रिसेप्टर जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये वेगळा ओळखला, त्यातून १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडिन बाजारात आलं, आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं. औषध पोटासाठीच शोधलेलं होतं. प्रतिकारशक्तीचा विषय पुढे निघाला.

तो निघाला याचं कारण म्हणजे एच-२ रिसेप्टर फक्त जठरात नसतो. प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींवरही तो असतो: टी पेशींवर असतो, मोनोसाइटवर असतो, आणि लसीतला परका अंश उचलून टी पेशींना दाखवणाऱ्या डेन्ड्रिटिक पेशींवरही असतो. तिथे हिस्टामिन साधारणपणे आवरतं घेण्याचं काम करतं. एच-२ मधून इशारा गेला की डेन्ड्रिटिक पेशी आयएल-१२ हा चेतवणारा संदेश कमी सोडतात आणि आयएल-१० हा शांत करणारा संदेश जास्त. टी पेशींची वाढही मंदावते. मग तर्क सरळ आहे: हिस्टामिनचा हा लगाम काही आठवडे सैल केला, तर लसीला मिळणारा प्रतिसाद वाढेल का? ही कल्पना अचानक सुचलेली नाही. १९८५ मध्येच, जन्मजात कारणांनी प्रतिपिंडं कमी असणाऱ्या रुग्णांत सिमेटिडिन दिल्यावर प्रतिपिंडांची निर्मिती सुधारते का, यावर संशोधन प्रसिद्ध झालं होतं. पुढे डेन्मार्कमध्ये मोठ्या शस्त्रक्रियेनंतर प्रतिकारशक्ती खाली येते ती रॅनिटिडिनने सावरते का, हेही तपासलं गेलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या सगळ्यात आम्ल कुठेच नाही. दंडात टोचलेल्या लसीला जठरातल्या आम्लाशी काही देणंघेणं नसतं. आम्ल कमी करून लस सुधारायची असती तर पॅन्टोप्राझोल सगळ्यात उत्तम ठरलं असतं, कारण आम्ल तेच जास्त कमी करतं. पण ते हिस्टामिनच्या रिसेप्टरला हातही लावत नाही. पोटातल्या आम्लाचा प्रतिकारयंत्रणेशी संबंध येतो तो गिळलेल्या प्रथिनांपुरता: आम्ल दबलं की अन्नातली प्रथिनं नीट न पचता पुढे सरकतात आणि काही जणांत त्या अन्नाविरुद्ध ॲलर्जीची प्रतिपिंडं तयार होतात, असं व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. तो परिणाम कुणालाही नको असलेलाच आहे. तेव्हा वडिलांचं पॅन्टोप्राझोल लसीसाठी मदत करत असेल, हा विचार सोडून द्या.

आता सीएलएलकडे येऊ. हा आजार बी पेशींचा, आणि प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी बी पेशींपासूनच होतात. म्हणजे ज्या कारखान्याने लसीला उत्तर द्यायचं, तोच बिघडलेला. रक्तात लिम्फोसाइटचा, म्हणजे बी आणि टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींचा, आकडा पन्नास हजार, लाखभर दिसतो, पण त्यातल्या बहुतेक सगळ्या पेशी एकाच पेशीच्या नकला असतात आणि नव्या जंतूला ओळखण्याच्या कामी येत नाहीत. निरोगी बी पेशींना जागा उरत नाही, टी पेशी संख्येने असल्या तरी थकलेल्या असतात, आणि वर्षं जातात तसं इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे रक्तातल्या एकूण प्रतिपिंडांचं, प्रमाण घसरत जातं. उपचार सुरू नसतानाही हे सगळं चालूच असतं. "अजून औषधसुद्धा लागत नाही, मग लस का लागू पडत नाही?" हा प्रश्न मला बाह्यरुग्ण विभागात वारंवार विचारला जातो, त्याचं उत्तर हे आहे.

ज्या अभ्यासाबद्दल तुम्ही वाचलं असेल तो बहुधा डेन्मार्कमधला, १९९५ मध्ये 'ल्युकेमिया' या नियतकालिकात आलेला. त्या संशोधकांना आधी असं दिसलं की सीएलएलच्या रुग्णांच्या रक्तात हिस्टामिनच वाढलेलं असतं. मग त्यांनी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला रॅनिटिडिन दिलं, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही गटांना लसी दिल्या. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी, म्हणजे हिब, या जंतूविरुद्धच्या लसीनंतर दीर्घकाळ संरक्षण देईल इतकी प्रतिपिंडं रॅनिटिडिन गटातल्या ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांत तयार झाली. दुसऱ्या गटात ४३ टक्क्यांत. फरक मोठा आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला उत्साह वाटणं साहजिक आहे, मलाही वाटला होता.

पण त्याच अभ्यासाचा उरलेला भाग क्वचितच कुणी पुढे पाठवतं. न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूविरुद्धच्या जुन्या पद्धतीच्या लसीला रॅनिटिडिन असो वा नसो, प्रतिसाद जवळपास मिळालाच नाही. आणि फ्लूच्या लसीतही रॅनिटिडिनने काही फरक पडला नाही. तीन लसींपैकी एकीत फायदा.

यातला पहिला भाग समजण्यासारखा आहे. न्यूमोकोकसची ती जुनी लस म्हणजे जंतूच्या कवचातली नुसती साखरेची साखळी, पॉलिसॅकराइड. तिला प्रतिसाद देताना बी पेशींना टी पेशींची मदत मिळत नाही, सगळं एकटीने करावं लागतं. आणि सीएलएलमध्ये नेमक्या बी पेशीच कामातून गेलेल्या. हिबची लस कॉन्जुगेट प्रकारची आहे: तीच साखरेची साखळी एका प्रथिनाला जोडलेली. प्रथिन आलं की टी पेशी मदतीला येतात. हिस्टामिनचा लगाम टी पेशी आणि डेन्ड्रिटिक पेशींवर असेल, तर तो सैल केल्याचा फायदा जिथे टी पेशींची मदत लागते त्याच लसीत दिसणार. इथवर सगळं जुळतं. पण फ्लूची लससुद्धा प्रथिनांचीच असते, तिलाही टी पेशींची मदत मिळते. हा तर्क पुरता बरोबर असता तर फ्लूच्या लसीतही थोडाफार फायदा दिसायला हवा होता. तो दिसला नाही, आणि माझ्या मते या अभ्यासातली सगळ्यात खटकणारी जागा हीच आहे.

शिवाय रुग्णसंख्या मोजकी होती. इतक्या कमी लोकांत चार-पाच जणांचे निकाल इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी पार बदलते. अनेक लसी तपासल्या आणि एकीत फरक सापडला, तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता वाढते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोजली गेली ती प्रतिपिंडं. रुग्णांना न्यूमोनिया कमी झाला का, रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आली का, हे सांगण्याइतका तो अभ्यास मोठा नव्हताच. पुढे नेदरलंड्समधल्या गटाने रॅनिटिडिन आणि पॉलिसॅकराइड लसी हा प्रश्न सीएलएलच्या रुग्णांत पुन्हा तपासला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूमोकोकसच्या पॉलिसॅकराइड लसीबाबत त्यातही रॅनिटिडिनने हात दिला नाही.

त्यानंतर खुद्द रॅनिटिडिनच गेलं. त्यात एनडीएमए हा कर्करोगकारक मानला जाणारा घटक सापडतो आणि साठवणीत, विशेषतः उष्णतेत, तो वाढत जातो हे २०१९ मध्ये पुढे आलं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढायला सांगितलं, त्याच वर्षी युरोपातही त्याचे परवाने स्थगित झाले. म्हणजे ज्या औषधावर अभ्यास झाला ते अनेक देशांत मागे घेतलं गेलं, आणि जे हाताशी आहे त्या फॅमोटिडिनवर तो अभ्यास झालेला नाही. दोन्ही एकाच गटातली असली तरी पेशींवर त्यांचा परिणाम सारखाच होईल असं धरून चालता येत नाही. घरात जुनी रॅनिटिडिनची पाकिटं पडून असतील तर तीही वापरू नका.

आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण "ल्युकेमिया" हा एकच शब्द वाचून लोक एकाचा सल्ला दुसऱ्याला लावतात. एएमएल, म्हणजे ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियात चित्र उलटं होऊ शकतं. तिथे २००८ मध्ये युरोपात हिस्टामिन डायहायड्रोक्लोराइड हे इंजेक्शन आयएल-२ या प्रतिकारपेशींना चेतवणाऱ्या औषधासोबत मंजूर झालं, आजार आटोक्यात आल्यानंतर तो परत उलटू नये म्हणून. ते काम करतं ते याच एच-२ रिसेप्टरमधून: मायलॉइड पेशी जे विषारी ऑक्सिजनचे रेणू सोडून टी पेशी आणि एनके (कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या) पेशींना नामोहरम करतात, ते हिस्टामिन थांबवतं. म्हणजे सीएलएलमध्ये ज्या हिस्टामिनला अडवून प्रतिकारशक्ती वाढेल असं वाटतं, एएमएलमध्ये त्याच हिस्टामिनला टोचून प्रतिकारशक्ती वाचवली जाते. त्या उपचारात सिमेटिडिनसारखी औषधं घेऊ नयेत असं औषधाच्या माहितीपत्रकातच म्हटलेलं आहे. रिसेप्टर तोच, पण कोणत्या पेशीवर आणि कोणत्या आजारात, यावर परिणाम ठरतो. म्हणून "ल्युकेमियात फॅमोटिडिन चांगलं" हे वाक्य अर्धवट तर आहेच, काहींसाठी धोक्याचंही आहे.

आता तोट्याकडे. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या कामात मला या गोळ्यांमुळे नुकसान झालेलं फायद्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसलेलं आहे.

ल्युकेमियाच्या अनेक नव्या गोळ्यांना रक्तात उतरण्यासाठी जठरात आम्ल लागतं. आम्ल नसेल तर गोळी विरघळत नाही आणि न विरघळताच बाहेर जाते. सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात वापरलं जाणारं डॅसाटिनिब घ्या. फॅमोटिडिन घेतल्यानंतर १० तासांनी डॅसाटिनिब दिलं, तरी रक्तात पोचणाऱ्या औषधाचं एकूण प्रमाण ६१ टक्क्यांनी कमी भरलं. दहा तासांनंतरही. सकाळी एक आणि रात्री दुसरी घेऊन हा प्रश्न सुटत नाही. निलोटिनिब इसोमेप्राझोलसोबत घेतलं तर सुमारे एक तृतीयांशाने कमी शोषलं जातं. बोसुटिनिबही लॅन्सोप्राझोलसोबत कमी पडतं. इमॅटिनिबला मात्र असा त्रास होत नाही. सीएलएलमधलं ॲकॅलाब्रुटिनिब कॅप्सूलच्या रूपात असेल तर ओमेप्राझोलसोबत त्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी घटतं. त्याची गोळी २०२२ मध्ये आली, तिला आम्लाची अडचण नाही. म्हणजे एकाच औषधाची कॅप्सूल आणि गोळी यांत फरक पडतो, आणि रुग्णाला पाकिटावर नाव तेच दिसतं.

एक सीएमएलचे गृहस्थ डॅसाटिनिबवर उत्तम चालले होते. मग आजाराचा अंश मोजणारी बीसीआर-एबीएल तपासणी हळूहळू वर सरकायला लागली. गोळ्या चुकत नव्हत्या, हे त्यांची पत्नी ठामपणे सांगत होती आणि ते खरंच होतं. घरातली सगळी औषधं घेऊन या म्हटल्यावर त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. गुडघेदुखीच्या गोळीसोबत "पोटाला त्रास नको" म्हणून दिलेल्या पॅन्टोप्राझोलच्या तीन पट्ट्या त्यात होत्या. गुडघेदुखीची गोळी केव्हाच थांबली होती, ही मात्र चालू राहिली होती. ॲसिडिटीचं औषध म्हणून त्याला कुणी औषध समजलंच नव्हतं, त्यामुळे आमच्या यादीत ते कधी आलं नाही. ते थांबवलं आणि पुढच्या तपासण्यांत आकडा पुन्हा खाली आला. असे रुग्ण भेटल्यापासून मी "औषधं कोणती घेता?" एवढं विचारून थांबत नाही; "पोटासाठी काय घेता?" हा प्रश्न वेगळा विचारतो.

लहान मुलांच्या आणि तरुणांच्या एएलएल म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत शिरेतून देतात. त्या दिवसांत पंप बंद करणाऱ्या गटातली गोळी चालू असेल तर मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडायला उशीर होऊ शकतो आणि त्याचा विषारी परिणाम वाढतो. सिमेटिडिन यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमना अडवतं, त्यामुळे इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण नको तितकं वाढू शकतं. फॅमोटिडिन त्या मानाने सौम्य, पण मूत्रपिंड नीट चालत नसेल तर ते अंगात साठतं आणि वयस्कर माणसांत गोंधळलेपणा, भ्रम असे त्रास होऊ शकतात. क्वचित कधी या गटाने प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशीही कमी होतात. इतर कुणात ते लगेच लक्षात येईल. ल्युकेमियाच्या रुग्णात मात्र आकडा आजाराने उतरला की गोळीने, हे कळायला वेळ जातो.

आणि ज्याची प्रतिकारशक्ती आधीच कमी आहे त्याच्या बाबतीत जठरातलं आम्ल हेही एक संरक्षणच आहे. पंप बंद करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत आतड्याचे संसर्ग, विशेषतः क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइलचा जुलाब, जास्त आढळतो. ज्यांना खरोखर गरज आहे, म्हणजे अल्सर, रक्तस्राव, तीव्र जळजळ, स्टेरॉइडसोबत रक्त पातळ करणारं औषध, त्यांनी ती जरूर घ्यावी आणि घाबरून स्वतःहून बंद करू नये. पण सवयीने चालू राहिलेली गोळी तपासून पाहायलाच हवी.

मग लस जास्त लागू पडावी म्हणून करायचं काय? करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे वेळ साधणं.

इस्रायलमध्ये २०२१ मध्ये सीएलएलच्या १६७ रुग्णांवर कोविडच्या एमआरएनए लसीचा अभ्यास झाला. एकूण ३९.५ टक्के रुग्णांत प्रतिपिंडं तयार झाली. पण हाच आकडा फोडून पाहिला की खरी गोष्ट दिसते. ज्यांचे उपचार अजून सुरू झाले नव्हते त्यांच्यात ५५ टक्के, ज्यांचे उपचार संपून आजार आटोक्यात होता त्यांच्यात ७९ टक्के, बीटीके हे बी पेशींतलं एन्झाइम रोखणाऱ्या गोळ्या (इब्रुटिनिब, ॲकॅलाब्रुटिनिब) चालू असणाऱ्यांत फक्त १६ टक्के. आणि ज्यांना गेल्या १२ महिन्यांत रिटुक्सिमॅबसारखं, बी पेशी नष्ट करणारं सीडी-२० विरोधी इंजेक्शन मिळालं होतं, त्यांच्यापैकी एकाच्याही रक्तात प्रतिपिंडं आढळली नाहीत. लस तीच, आजार तोच. फरक कधी दिली याचा. नागिणीच्या रिकॉम्बिनंट, म्हणजे जिवंत विषाणू नसलेल्या, लसीत फरक तुलनेने कमी: उपचार न घेतलेल्यांत ५९ टक्क्यांना प्रतिसाद, बीटीके रोखणाऱ्या औषधावर असलेल्यांत ४१.५ टक्के. हेपॅटायटिस बीच्या लसीत २८ टक्के विरुद्ध जेमतेम ४ टक्के. रॅनिटिडिनचा तो एक छोटा अभ्यास सोडला, तर कोणत्याही गोळीने इतका फरक पडल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

तुमचे वडील आज उपचारांशिवाय आहेत, म्हणजे लसींसाठी त्यांच्या हातात असलेला हा सगळ्यात चांगला काळ आहे. तो वाया घालवू नका. न्यूमोकोकससाठी कॉन्जुगेट प्रकारची लस मागा, जुनी नुसती पॉलिसॅकराइड नव्हे. सीएलएलच्या उपचार न घेतलेल्या रुग्णांत स्वीडनमध्ये दोन्हींची थेट तुलना झाली आहे आणि तिच्यात कॉन्जुगेट सरस ठरली. आता २० प्रकारच्या जंतूंना व्यापणारी कॉन्जुगेट लसही उपलब्ध झाली आहे. नागिणीची रिकॉम्बिनंट लस दोन डोसांत घ्यायची असते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत दुसरा डोस १ ते २ महिन्यांतच देता येतो, सहा महिने थांबायची गरज नाही. फ्लूची लस दरवर्षी, इंजेक्शनचीच. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूंची असते, ती नको. नागिणीची जुनी जिवंत लस, पीतज्वराची लस, गोवर-गालगुंड-रुबेलाची लस यांपासूनही लांब राहायचं. कोविडची लस त्या त्या वेळच्या शिफारशीप्रमाणे परत परत घ्यावी लागेल. पहिल्यांदा काहीच न दिसलेल्या काहींत पुढच्या डोसनंतर प्रतिसाद येतो.

वडिलांची प्रतिपिंडांची तपासणी कमी आली म्हणून लस फुकट गेली असं समजू नका. त्या तपासणीत टी पेशींचा प्रतिसाद दिसतच नाही, आणि प्रतिपिंडं न बनलेल्या काही रुग्णांत तो असतो. उलट, उद्या त्यांना वरून इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागलं, तर रक्तात रक्तदात्यांची प्रतिपिंडं दिसतील आणि आकडा उगाच चांगला वाटेल. म्हणून मी लसीनंतर ही तपासणी सर्रास सांगत नाही. त्याऐवजी इम्युनोग्लोब्युलिन जी चं प्रमाण एकदा मोजून ठेवा. ते बरंच खाली असेल आणि छातीचे गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा होत असतील, तर दर महिन्याला शिरेतून किंवा दर आठवड्याला त्वचेखाली इम्युनोग्लोब्युलिन देण्याचा विचार होतो. नुसता आकडा कमी आहे आणि माणूस ठणठणीत आहे, तर बहुधा गरज नसते.

घरातल्या बाकीच्यांनी आपापल्या लसी पूर्ण करणं हे मी औषधाइतकंच महत्त्वाचं मानतो. ज्याची लस नीट काम करत नाही त्याच्याभोवतीच्या माणसांची लस नीट काम करते, आणि संसर्ग अनेकदा घरातूनच येतो.

आता फॅमोटिडिनबद्दल तुमच्या वडिलांपुरतं सांगतो. त्यांना जळजळीचा खरा त्रास असेल, आणि डॉक्टरांच्या मते पॅन्टोप्राझोलऐवजी फॅमोटिडिन चालण्यासारखं असेल, तर बदल करायला माझी हरकत नाही. त्यात लसीला थोडी मदत झाली तर चांगलंच. त्रास नसताना केवळ लसीसाठी म्हणून मी ते सुरू करणार नाही. हा प्रश्न पुन्हा नीट तपासला जावा असं मला मनापासून वाटतं. गोळी स्वस्त आहे, माहितीतली आहे, तर्काला आधार आहे, आणि आजच्या प्रथिनयुक्त व एमआरएनए लसी १९९५ च्या लसींपेक्षा वेगळ्या आहेत. पुरेशा रुग्णांचे गट पाडून असा अभ्यास कुठे सुरू असेल आणि वडिलांना त्यात भाग घेता येत असेल, तर अवश्य विचारा. तिथे गोळी देताना नजर ठेवलेली असते आणि जे कळेल ते सगळ्यांच्या उपयोगी पडतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. पॅन्टोप्राझोल कशासाठी सुरू झालं होतं आणि ते अजून लागतं का. आणि सीएलएलचे उपचार येत्या काही महिन्यांत सुरू होण्याची शक्यता आहे का. असेल, तर राहिलेल्या लसी उपचारांच्या किमान २ आठवडे, जमल्यास ४ आठवडे आधी उरकून घ्या. सीडी-२० विरोधी इंजेक्शन एकदा सुरू झालं की मग लसीसाठी शेवटच्या डोसनंतर सहा महिने तरी थांबावं लागतं, आणि तेव्हाही प्रतिसादाची खात्री नसते. उपचारांत गोळी ठरली तर ती घेण्याआधी घरातली सगळी औषधं, ॲसिडिटीची आणि दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलीसुद्धा, डॉक्टरांपुढे ठेवा.

आणि लसी झाल्या आहेत म्हणून तापाकडे दुर्लक्ष करू नका. ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. कोविड निघाला तर विषाणूविरोधी औषध पहिल्या पाच दिवसांत सुरू व्हावं लागतं, आणि त्यातल्या रिटोनॅव्हिर असलेल्या गोळ्यांचा ॲकॅलाब्रुटिनिब, इब्रुटिनिब, व्हेनेटोक्लॅक्स यांच्याशी मोठा झगडा आहे; तेव्हा वडिलांचे उपचार सुरू झाल्यानंतर असा प्रसंग आला तर ती गोळी देणाऱ्याला ल्युकेमियाचं कोणतं औषध चालू आहे ते आधी सांगा.